ठसका थांबलाय, पण संध्याकाळी कणकण येते

प्रश्न : ह्यांचं वय ४८. दोन महिन्यांपूर्वी शिडीवरून पडून डोक्याला मार लागला. कवटीच्या तळाला डाव्या बाजूला फ्रॅक्चर आहे, ऑपरेशन लागलं नाही. आयसीयूत काही दिवस नळीनं अन्न दिलं, मग नळी काढून घरी पाठवलं. 'घशाचा रिफ्लेक्स आहे, हळूहळू पाजा, पाणी पावडर घालून घट्ट करून द्या,' असं सांगितलं होतं. सुरुवातीला पाणी प्यायले की जोराचा ठसका लागायचा, कधी पाणी नाकातून यायचं. आवाज बसलाय. जीभ बाहेर काढली की डावीकडे जाते. जेवण झाल्यावर डाव्या गालात घास तसाच सापडतो. पण गेल्या दहा दिवसांत ठसका जवळजवळ थांबलाय, म्हणून पावडर बंद करून आम्ही साधं पाणी सुरू केलं. फक्त रोज संध्याकाळी थोडी कणकण येते, छातीत घुरघुर वाटते, वजनही उतरलंय. सासूबाई म्हणतात, अशक्तपणा आहे, बळेच खाऊ घाल. भावोजींच्या मते नसबीस काही नाही, मनात भीती बसलीय. त्यांनी मान उचलण्याच्या व्यायामाचे व्हिडिओ पाठवलेत. पाणी अडवलं की हे माझ्यावर चिडतात आणि रात्री उठून चोरून पितात. मी काय करू? हे पुन्हा नीट कधी गिळायला लागतील?
ता. क. : डावा हात खांद्याच्या वर जात नाही. पडताना मुका मार लागला असेल.
– एक वाचक (नाव प्रसिद्ध करू नये)

उत्तर :

ताई,

ठसका थांबला, साधं पाणी सुरू केलं, संध्याकाळी कणकण येते. या गोष्टी तुम्ही पत्रात सुट्या सुट्या लिहिल्यात, मला त्या एकाच धाग्यातल्या वाटतात. म्हणून बाकी सगळं नंतर. आधी आज काय करायचं ते.

साधं पातळ पाणी तोंडानं देणं आत्ता थांबवा आणि ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांना आज, फार तर उद्या, गाठा. त्यांना 'ताप आहे' एवढंच सांगू नका. 'डोक्याच्या मारानंतर गिळायला त्रास आहे, ठसका कमी झाल्यावर पातळ पाणी सुरू केलं आणि तेव्हापासून कणकण आणि छातीत घुरघुर आहे,' असं सगळं एका दमात सांगा. छाती तपासली जाईल, एक्स-रे काढतील, रक्त बघतील. श्वास भरभर चालतोय, बोलताना वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतायत, झोपाळलेले किंवा बरळल्यासारखे वाटतायत, ताप चढतोय, यातलं काहीही दिसलं तर उद्याची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत न्यायचं. आणि पाणी बंद करून घरी बसून राहायचं असंही नाही. अंगातलं पाणी कमी झालं तर तो वेगळाच घोर लागेल. फोनवरच विचारा, की तपासणी होईपर्यंत पाणी आणि गोळ्या कशा द्यायच्या. पूर्वी सांगितलेल्या घट्टपणाचं पाणी चालेल का, की नळी किंवा सलाइन लागेल, हे त्यांना ठरवू दे. फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू असतील तर त्या मनानं बंद करू नका.

आता ठसक्याबद्दल. चुकीच्या वाटेनं काही गेलं की ठसका लागतो, हे आपण लहानपणापासून अनुभवतो, त्यामुळे ठसका नाही म्हणजे सगळं नीट वाटेनं जातंय असं धरून चालतो. निरोगी माणसात ते बहुतेक खरंही असतं. पण ठसका लागायला दोन गोष्टी शाबूत लागतात. स्वरयंत्राच्या तोंडाशी काही आलंय हे कळायला हवं, आणि कळल्यावर स्वरतंतू घट्ट मिटून हवा जोरात बाहेर फेकता यायला हवी. ती जाणीव मेंदूकडे नेणारी नस आणि स्वरतंतू मिटवणारी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत. तिला व्हेगस म्हणतात. तिलाच मार लागला असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि चेहऱ्यावर सुरकुतीही उमटत नाही. डॉक्टर याला सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात. ठसका खरोखर बरं वाटून थांबला की घशाची जाणीव बोथट झाल्यामुळे, हे घरी बसून तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही कळणार नाही. पण सोबत कणकण, घुरघुर आणि उतरलेलं वजन असेल तर मी पहिली शक्यता धरणार नाही.

'घशाचा रिफ्लेक्स आहे' या दिलाशाचंही तसंच. पडजिभेच्या आसपास काडी लावली की उबळ येते, तो हा रिफ्लेक्स. धडधाकट माणसांतही बऱ्याच जणांना तो नसतो आणि ती मजेत जेवतात. उलट तो असूनही पाणी फुप्फुसात जाणारी माणसं असतात. उबळ येणं आणि गिळणं ही निरनिराळी कामं आहेत. त्यामुळे त्या एका खुणेवर कुणाचं खाणंपिणं ठरवू नये. हे तुमच्या डॉक्टरांवर बोट ठेवायला लिहीत नाही. घरी पाठवायच्या गडबडीत असा शेरा फाइलवर उतरतो आणि मग पुढचे सगळे तोच वाचतात.

भावोजींना वाटतंय की नसेचं काही नाही. त्यांच्यासाठी तुमचंच पत्र पुन्हा वाचू या.

गिळणं वरून साधं दिसतं. घास चावून जीभ त्याचा गोळा करून मागे ढकलते. टाळूचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो. स्वरयंत्र वर आणि पुढे सरकतं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं एरवी बंद असलेलं तोंड उघडतं आणि घास खाली उतरतो. घशातला हा सगळा भाग साधारण एका सेकंदात उरकतो. हवेची आणि अन्नाची वाट घशात एकमेकींना छेदते, रेल्वेच्या फाटकासारखी. तिथलं फाटक जरा उशिरा पडलं तरी अपघात होऊ शकतो. हे फाटक हलवणाऱ्या नसा मेंदूच्या देठातून निघतात आणि कवटीच्या तळाला असलेल्या भोकांतून बाहेर पडतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांना क्रमांक दिलेले आहेत. त्यातल्या नववी, दहावी (वर सांगितलेली व्हेगस) आणि अकरावी या तीन नसा एकाच भोकातून निघतात. बारावी त्याच्या शेजारच्या, वेगळ्या बोगद्यातून. तळाचं हाड नेमकं तिथे तडकलं, किंवा तिथे सूज आली, रक्त साकळलं, तर एकाच बाजूच्या तिन्ही किंवा चारही नसा एकदम दुखावू शकतात.

आता जुळवून बघा. आवाज बसला : डावा स्वरतंतू हलत नसावा, ते काम दहाव्या नसेचं. पाणी नाकातून आलं : टाळू नीट उचलत नाही, तेही मुख्यतः दहावीचंच. जीभ डावीकडे जाते : बारावी नस ज्या बाजूची दुबळी, त्या बाजूला बाहेर काढलेली जीभ झुकते. घास डाव्या गालात राहतो, कारण जिभेला तिथून तो उकरून आणता येत नाही. (तोंडाचा कोपराही एका बाजूला उतरला असेल तर सातवी नसही बघायला सांगा, ती गाल आणि ओठ आवळते.) आणि तुमचा ताजा कलम! अकरावी नस मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंना जाते. ती दुबळी असली की खांदा उतरतो आणि हात खांद्याच्या वर नेताना अडतो. मुका मार असूही शकतो, खांद्याचं हाडही बघून घ्यायला हवं. पण बाकीच्या खुणांच्या पंगतीत हा हात इतका चपखल बसतो, की डॉक्टरांना तो सगळ्यात आधी सांगा. पत्राच्या तळाशी ठेवायची ही गोष्ट नव्हे. या चारही नसा एका बाजूला एकदम गेल्या तर त्या चित्राला कॉले-सिकार सिंड्रोम म्हणतात. १९१५ आणि १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, दोन फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, त्यांच्या नावावरून. तुमच्या यजमानांना तेच आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून निदान होत नसतं. पण मनात बसलेल्या भीतीनं जीभ एका बाजूला वाकत नाही, एवढं भावोजींना नक्की सांगा.

नाकातून येणाऱ्या पाण्याबद्दल एक सावधगिरी, कारण फ्रॅक्चर कवटीच्या तळाचं आहे. प्यायलेलं पाणी उलटून नाकातून येतं ते पिताना किंवा पिऊन झाल्या झाल्या. पण काही खाल्लं-प्यायलं नसताना, विशेषतः पुढे वाकल्यावर, एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ काही ठिबकत असेल, किंवा घशात मागून खारट काही उतरतंय असं ते म्हणत असतील, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. कानातूनही येऊ शकतं. तेव्हा नाक जोरानं शिंकरू द्यायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. त्यातून मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. याच फ्रॅक्चरमुळे नळी पुन्हा घालायची वेळ आली, तर ती नाकातून घालायची की तोंडातून, हे मेंदूच्या सर्जनला विचारूनच ठरावं. फ्रॅक्चर तळाच्या पुढच्या भागात असेल तर नाकातून न बघता घातलेली नळी भलतीकडे जाऊ शकते. घरी येणाऱ्या नर्सला किंवा कंपाउंडरला हे माहीत असेलच असं धरू नका.

छाती सांभाळली गेली की पुढची पायरी म्हणजे गिळण्याची खरी तपासणी, आणि ती तुम्ही मागून घ्यायची. दोन प्रकार आहेत. एकात नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घशाच्या वर नेऊन ठेवतात आणि रंग घातलेलं पाणी, दाट द्रव, मऊ घास असं एकेक गिळायला देतात. तिला फीस (FEES) म्हणतात, १९८८ पासून ती वापरात आहे. स्वरतंतू हलतो का, लाळ कुठे साचून राहते, गिळल्यावर मागे काय उरतं, हे तिच्यात समोर दिसतं. दुसरीत बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ, मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचा चलत्‌चित्रपट घेतात. घास तोंडापासून अन्ननलिकेपर्यंत कसा गेला, अन्ननलिकेचं तोंड उघडलं का, फुप्फुसाकडे थेंब कधी वळला, गिळण्याआधी, गिळताना की नंतर, हे तिथे कळतं. कुठली मिळते ती करा. आवाज इतका बसलाय म्हटल्यावर दुर्बिणीनं स्वरतंतू बघणं तसंही टळणार नाही, त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दोन्ही कामं एकदम होतात का ते विचारा. तपासणीत 'पाणी खाली जातंय का' एवढंच बघून थांबू नये. मान कशी ठेवली, घोट केवढा दिला, दाटपणा किती ठेवला की पाणी सुखरूप जातं, हेही तिथेच करून बघायचं असतं. मी गिळण्याच्याच उपचारांचं काम करते, आणि माझ्या मते 'आहे' किंवा 'नाही' असा एका शब्दाचा रिपोर्ट घेऊन येणं म्हणजे निम्मी तपासणी वाया घालवणं.

म्हणूनच ते व्हिडिओ बाजूला ठेवा. उताणं झोपून फक्त डोकं उचलून धरायचं, हा व्यायाम खोटा नाही. अन्ननलिकेचं तोंड उघडायला मदत करणारे स्नायू त्यानं बळकट होतात. पण तो सगळ्यांचा व्यायाम नव्हे. डोक्यावर पडलेल्या माणसाच्या मानेच्या मणक्यांना इजा नाही, हे सर्जननं लेखी सांगितल्याशिवाय तो करायचाच नाही. तीच गोष्ट मान वळवून गिळण्याची. दुबळ्या बाजूकडे मान वळवली की घशाची ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूनं उतरतो. एका बाजूच्या नसा गेलेल्या माणसाला ही युक्ती फार उपयोगी पडते. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती बाजू डावी असणार. पण मानेला पट्टा असेल तर नाही, आणि पट्टा नसला तरी स्क्रीनवर उपयोग होताना बघितल्यावरच. हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याचा सल्ला तर सगळेच देतात. काहींना त्यानं फायदा होतो. काहींच्या घशात उरलेलं पाणी त्याच झुकण्यानं पुढे सांडतं. श्वास रोखून गिळायचं आणि लगेच खोकायचं, असाही एक प्रकार आहे, तो हृदयाचा त्रास असलेल्यांना झेपत नाही.

घट्ट पाण्याबद्दल आता स्पष्टच. पावडर घालून पाणी दाट केलं की ते सावकाश वाहतं आणि फाटक पडायला वेळ मिळतो. म्हणून ते देतात. पण त्याची दुसरी बाजू रुग्णाला कुणी सांगत नाही आणि मग तो चोरून पाणी पितो. दाट पाण्यानं तहान भागल्यासारखं वाटत नाही, माणूस एकूण पाणीच कमी पितो. घसा दुबळा असेल तर दाट पदार्थ घशात जास्त उरतो आणि तो नंतर घसरून श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणजे 'जितकं घट्ट तितकं सुरक्षित' हेही खरं नाही. किती दाट, याला माप आहे, 'जरा घट्ट' हे माप नव्हे. जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ० ते ७ अशा पायऱ्या आहेत. ० म्हणजे साधं पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. पेयांचा दाटपणा घरी मोजता येतो. १० मिलिलिटरची, सुई आणि आतला दट्ट्या काढलेली सिरिंज घ्यायची. ० पासून १० च्या रेघेपर्यंतची तिची लांबी ६१.५ मिलिमीटर हवी, सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात. टोकाला बोट लावून १० पर्यंत भरायची, बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे आणि पुन्हा बोट लावायचं. आत १ ते ४ मिलिलिटर उरलं तर पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर तिसरी. काहीच गळलं नाही तर चौथी, ते चमच्यानंच खायचं. कुठली पायरी हे तपासणीनंतर लिहून मागा. आणि पावडर स्टार्चची आहे की झँथन गमची, हे डब्यावर वाचा. स्टार्चचं पाणी ठेवलं की अजून दाट होत जातं आणि तोंडात लाळ मिसळली की पातळ होतं. सकाळी कालवून दिवसभर पुरवलं तर प्रत्येक वेळी वेगळंच पेय पोटात जातं.

आणि आता ज्या गोष्टीकडे घरोघरी दुर्लक्ष होतं ती : तोंडाची स्वच्छता. फुप्फुसात गेलेल्या पाण्याच्या थेंबापेक्षा त्याच्याबरोबर तोंडातून गेलेले जंतू जास्त घात करतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ज्येष्ठ रुग्णांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात असं आढळलं, की न्यूमोनिया कुणाला होणार हे नुसत्या गिळण्याच्या त्रासावरून सांगता येत नाही. दुसऱ्याच्या हातून जेवावं लागणं, तोंडाची सफाई दुसऱ्यावर अवलंबून असणं, किडके दात, यांचा वाटा मोठा होता. म्हणून प्रत्येक जेवणानंतर डाव्या गालात बोट किंवा मऊ ब्रश फिरवून राहिलेलं काढा. त्यांना तिथलं जाणवत नसेल, म्हणून आरसा दाखवा. दात सकाळ-संध्याकाळ घासायचे, फेस कमी होईल इतकीच पेस्ट, डोकं किंचित पुढे. चूळ भरताना पाणी मागे जात असेल तर ओल्या कापडानं पुसून घ्या. काहीच तोंडानं घेत नसतील त्या दिवसांतही हे करायचं. लाळ तर गिळावी लागतेच.

याच कारणानं काही ठिकाणी, तोंड स्वच्छ करून, जेवणापासून वेगळ्या वेळी, थोडं थोडं साधं पाणी देण्याची पद्धत वापरतात. सगळ्यांना ती चालत नाही. छातीत आत्ता संसर्ग असेल तर मुळीच नाही. पण पुढे-मागे विचारण्याजोगी आहे. 'पाणी कायमचं बंद' आणि 'पाहिजे तेवढं पी' यांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत हे तुमच्या यजमानांना कळलं, तर त्यांचा राग निम्मा उतरेल असं मला वाटतं.

सासूबाईंचा जीव तुटतोय, ते समजतं. पण बळेच भरवू नका. पूर्ण जागे असतानाच, खुर्चीत ताठ बसवून, पाय टेकलेले. टीव्ही बंद, गप्पा बंद. डोक्याच्या मारानंतर लक्ष चटकन उडतं, काहींना हावरटासारखं भराभर तोंडात कोंबायची सवय लागते, ते त्यांच्या हातात नसतं. लहान चमचा समोरून, डोळ्यांच्या खालच्या पातळीवरून द्या, उंचावरून दिला की मान मागे जाते आणि श्वासाची वाट उघडी पडते. घास तोंडात गेला की गळ्याची घाटी बघा. ती वर उचलून खाली आली म्हणजे एकदा गिळलं. पुन्हा एकदा कोरडं गिळायला सांगा. मग 'आ' म्हणायला लावा. आवाज कोरडा बसका असेल तर ठीक, तो तसाही बसलेलाच आहे. पण गुळण्या करताना येतो तसा ओला, बुडबुड्यांचा आवाज आला तर काहीतरी स्वरतंतूंवर साचलंय. तेव्हा खोकायला लावा, पुन्हा गिळायला लावा, आणि आवाज मोकळा झाल्याशिवाय पुढचा चमचा नाही. ठसका थांबलेल्या माणसात तुमच्या हाती असलेली ही सगळ्यात चांगली खूण आहे, ती प्रत्येक चमच्याला ऐका. तरीही तपासणीची जागा तिला नाही, पाणी अगदी खाली उतरून गेलं तर आवाज स्वच्छही येतो. एका जेवणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर ते दमतायत, जेवणं लहान करा आणि त्यांची संख्या वाढवा. पातळ आणि घट्ट एकत्र असलेले पदार्थ, म्हणजे पाण्यात तरंगणारे तुकडे, सगळ्यात अवघड, ते टाळा. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. खरंच घास अडकला, खोकता-बोलता येत नाहीसं झालं, तर पुढे वाकवून पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे पाच जोराचे फटके, नाही निघाला तर मागून मिठी घालून पोटावर, बेंबीच्या वर, आत-वर असे पाच दाब, आलटून पालटून, आणि कुणाला तरी लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगा. हे घरातल्या दोघांनी तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

वजनाचं एक कारण कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल. डोक्याच्या मारानं वासाची नस बऱ्याचदा दुखावते. त्यांना वास येतो का, विचारा. वासच नसेल तर जेवणाची चव जाते, आणि मग समोरचा माणूस खात नाही याला नखरे म्हणतात. गोळ्यांचंही बघा. कुटून द्यायच्या आधी प्रत्येकीबद्दल औषधवाल्याला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि खास आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. फिटसाठी फेनिटॉइन असेल आणि पुढे नळी बसली, तर नळीच्या अन्नासोबत दिल्यानं त्याची रक्तातली पातळी घसरू शकते, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. झोप आणणारी काही औषधं गिळणं आणखी मंद करतात.

कधी बरे होतील? नस नुसती दाबली-सुजली असेल तर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत काम सुरू होतं. आतले धागे तुटून पुन्हा वाढायचे असतील तर ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात, म्हणजे हिशेब महिन्यांचा. नस पूर्ण तुटली असेल तर ती आपोआप जुळत नाही. डाव्या स्वरतंतूची नस तर मानेतून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते, त्यामुळे आवाजाला सगळ्यात उशीर लागला तर नवल नाही. दोन महिने म्हणजे अजून लवकर आहे. पण नस जुळायची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नसतं. न हलणाऱ्या स्वरतंतूला इंजेक्शननं भर देऊन मधोमध आणता येतं, त्यानं खोकला आणि गिळणं दोन्ही सुधारू शकतं, आणि ते तात्पुरतं असल्यामुळे लवकर करता येतं. कायमची शस्त्रक्रिया सहसा नऊ महिने ते वर्षभर थांबून करतात. अन्ननलिकेचं तोंड उघडतच नसेल तर त्यावरही उपाय आहेत. नस परतली नाही तरी उरलेली बाजू काम शिकते, पुष्कळ जण त्या जोरावर पुन्हा ताटावर बसतात.

मधल्या काळात कुणी पोटातून नळी सुचवली तर घरात रडारड होऊ देऊ नका. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ नळी लागेल असं दिसलं की तिचा विचार करतात. पोट उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया न करता दुर्बिणीनं ती बसवण्याची रीत १९८० मध्ये पुढे आली. ती काढताही येते. ती असताना गिळण्याचे व्यायाम आणि गिळण्याचे उपचार करणाऱ्या थेरपिस्टनं ठरवलेले घोट-घास चालू राहू शकतात. तिनं लाळ फुप्फुसात जाणं थांबत नाही, हेही माहीत असू द्या. पण प्रत्येक घासावर जीव अडकवून वजन टिकवण्याची सक्ती तिनं संपते, आणि बरं व्हायला अंगात ताकद लागतेच.

राहिलं रात्रीचं पाणी. कुलपं घालू नका आणि पोलीसही होऊ नका, त्यांच्या पाण्याचा निकाल तुम्ही द्यायचा नाहीच. फीस होईल तेव्हा स्क्रीन त्यांना दिसेल असं बसवायला सांगा. आपला घोट स्वरतंतूंवरून खाली जाताना स्वतः बघितलेला माणूस सहसा वेगळा वागतो. 'मला पाणी कधी?' हा प्रश्नही त्यांनीच थेरपिस्टला विचारू दे, आणि उत्तर त्यांच्यासमोर कागदावर लिहून घ्या : कुठल्या पायरीचं, किती, केव्हा, आणि पुन्हा तपासणी कोणत्या तारखेला. जाताना घरचा पेला, घरचा चमचा, पावडरीचा डबा आणि गोळ्यांची यादी बरोबर न्या. घरी त्यांच्या ओठाला जे लागतं त्याचीच तपासणी व्हायला हवी.